आतोबांच्या स्टेशनाचा इतिहास

आमच्या आतोबांइतका वक्तशीर माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल, आणि इतका वक्तशीरपणा इतका वायाही कुणाचा गेला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घाटावरच्या एका आडगावी त्यांनी उभा जन्म स्टेशनमास्तरकी केली. मंदीत उतारू आटले, स्टेशन बंद झालं, आणि ते मालगुंडजवळच्या आपल्या वाडीत परतले. तिथून मुंबईला जायचं तर बोटीनं, बाकी सगळीकडे पायी! पण आतोबांच्या घरी जेवणाला दोन घंटा होत: पहिलीला आंघोळ, दुसरीला पाट. भात शिजला नसला, की ते ओटीवर येऊन पाहुण्यांना गंभीरपणे सांगत, भात वीस मिनिटं उशिरा येत आहे. शेजाऱ्याची बैलगाडीसुद्धा ते पुढचा रस्ता मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय सोडत नसत. पुढे नुसता जांभ्या दगडाचा उघडा सडा, कुत्रंही नाही.

जीव मात्र सगळा एका जाडजूड वहीत. तिच्यात ते आपल्या स्टेशनाचा इतिहास लिहीत. त्या स्टेशनावर कधी काही घडलंच नव्हतं, हीच पंचाईत! तरी कुणाची शेळी डब्यात चढली, कोण गाडीची वाट बघत झोपला, सगळं त्यांनी लिहून काढलं. डोळे अधू होत चालले होते. दिसतंय तोवर वही पुरी व्हावी एवढीच त्यांची इच्छा. पण शेवटचं पान काही लिहून होईना.

त्याचं कारण मला आत्यानं सांगितलं. स्टेशन बंद झालं त्या दिवशी शेवटच्या गाडीनं दोघांनी निघायचं होतं. ट्रंका चढल्या, आत्या खिडकीशी बसली. आतोबांनी फलाटावरून नियमाप्रमाणे हिरवं निशाण दाखवलं, आणि गाडी गेली! मास्तरानं गाडीत बसायचंही असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. “मी मेली हाका मारत्ये, आणि हे आपले निशाण धरून उभे,” आत्या म्हणाली. पुढच्या स्टेशनावर ती ट्रंकेवर बसून राहिली. आतोबा रुळांवरून चालत दिवेलागणीला पोचले.

लोक हसतील म्हणून अडलंय का, असं मी आतोबांना विचारलं.

“हसोत बापडे,” ते म्हणाले. “पण माझ्याकडून चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही रे. चार्ज कोणाला दिला, हे लिहिल्याशिवाय इतिहास पुरा कसा करू?”

“मला दिला म्हणून लिहा,” आत्या आतून म्हणाली.

आतोबांनी खरंच तसं लिहिलं. आत्या हात पुसत बाहेर आली आणि तिला लिहिता येई तेवढं, म्हणजे स्वतःचं नाव, तिनं खाली सावकाश लिहिलं. शाई वाळली तरी आतोबांनी बराच वेळ वही मिटली नाही.