पदवीवरचं कुंकू
मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो बाबांचा; ते रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात फिटर होते. ओल्या कुंकवाचा वास आला की तो दसरा आठवतो. त्यांनी पाना-हातोडीशेजारी माझी पदवी मांडली आणि तिलाही कुंकवाचं बोट लावलं. "बाबा, हे काहून केलं? परवा नोकरीसाठी हाच कागद दाखवायचा आहे, डाग चालणार नाही." ते ओशाळले. "हत्याराची पूजा करून राहिलो होतो, बेटा. तुझं हत्यार हेच न." नोकरीच्या कार्यालयात कागद तपासणाऱ्या साहेबांनी डागावर बोट ठेवलं, "ये क्या है?" मी सांगितलं. "पिताजी ने लगाया?" एवढंच विचारून त्यांनी शिक्का मारला. त्या नोकरीसाठी रायपूर सोडल्यावर पहिल्याच पत्रात मी बाबांना लिहिलं, "दसऱ्याला येतो. पदवी सोबत आणतो. कुंकू तुम्हीच लावा."