सातव्या वर्षाचा खजूर

पप्पांनी घास घेणे सोडले तेव्हा माझी प्रार्थनाही पोकळ होत गेली. सकाळी उठल्यावर शेमा ही आमची रोजची प्रार्थना म्हणायची सवय लहानपणापासूनची, ती सुटली नाही. पण शब्द ओठांवर असत आणि लक्ष पलंगाकडे. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डोळे मात्र जागे होते. नाकातल्या नळीतून दूध आणि पेज जात असे. गिळण्याचा सराव करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितले होते की घट्टसर काही चमच्याने द्यायला हरकत नाही, घसा पूर्ण गेलेला नाही. मी चमचा पुढे केला की पप्पा ओठ मिटून घेत आणि भिंतीकडे बघत. ते जगायला नकार देत आहेत की फक्त मला, हे मला कळत नसे.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. आजोबा अलिबागकडून संस्थानच्या नोकरीत बडोद्याला आले आणि घर इथलेच झाले. आता शहरात आमची मोजकी घरे उरली आहेत. सणावारी प्रार्थनेला अहमदाबादच्या सिनेगॉगमध्ये जावे लागते. माझी थोरली बहीण लग्न होऊन इस्राएलला गेली. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करत होते, ते पप्पांसाठी सोडले आणि निजामपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर त्यांच्याजवळ राहू लागले.

पप्पा आजारी पडल्यावर ताई बघायला आली ती स्वतःच्या अंगणातला खजूर घेऊन. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "हा सातव्या वर्षाचा आहे हं. जपून." तिकडे दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा असतो. नांगरणी नाही, पेरणी नाही, आणि झाडाला आपोआप जे लागेल ते कोणा एकाच्या मालकीचे नाही. त्या वर्षी तिने फाटकाची कडी काढून ठेवली होती. रस्त्याने जाणारे आत येत, हवा तेवढा खजूर तोडून नेत. घरच्यांनीही पाहुण्यांसारखाच घ्यायचा. त्या फळाचा व्यापार करायचा नाही, ते टाकायचे नाही, बीला गर चिकटला असेल तर तीसुद्धा लगेच कचऱ्यात घालायची नाही. घरच्या खाण्यापुरता थोडा सोबत आणायला त्यांच्या रब्बींनी मुभा दिली होती.

ताई परत गेली. मी डबा फडताळात ठेवला आणि मनाशी बोलले, पप्पा तोंडाने घास घेतील त्या दिवशी आमचे प्रेषित एलियाहू हानाबी यांच्या नावाने मलीदा करीन आणि त्यात हाच खजूर घालीन. पोहे, खोबरे, साखर, फळे घालून केलेला मलीदा आमच्याकडे नवसाला आणि आनंदाला होतोच. पण माझ्या नवसात अट होती. तू पप्पांना खाऊ घाल, मग मी डबा उघडते. हा सौदा आहे असे तेव्हा वाटले नाही. मला ती भक्तीच वाटत होती. अधूनमधून फडताळ उघडून मी डबा बघत असे, बंद करत असे.

आमचा पुरीमचा सण आला, आणि त्याच सुमारास होळी. आदल्या दिवशी पप्पांनी डाव्या हाताने नळी उपसून काढली. पहिल्यांदाच काढली असे नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आता नाकातून नको. तोवर घरी सलाइन लावून घ्या. सुट्टी संपली की घेऊन या, पोटाला छिद्र करून नळी बसवू. वय पाहता धोका आहे, हे सांगून ठेवतो." मी बरे म्हटले.

होळीच्या दुपारी ताईचा फोन आला. पप्पांची चौकशी करून तिने विचारले, "खजूर संपला ना गं?"

"नाही. मलीद्यासाठी ठेवलाय."

ताई म्हणाली, "आता नाही ठेवता येणार. रानात झाडावर पाखरांसाठी काही उरलं नाही की आपल्यालाही घरात साठवायचा हक्क राहत नाही. खजुराची मुदत पुरीमची. बाहेर घेऊन जा, तीन माणसांसमोर सांग की हा आता माझा नाही, हवा त्याने न्यावा. आपली माणसं मिळाली तर बरं, नाहीतर शेजारी. कोणी नाही उचलला तर तू परत घेऊ शकतेस."

"आणि कोणी उचलला तर?"

"तर उचलला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता, पण पळवाटही नव्हती.

आपली माणसे पुरीमसाठी अहमदाबादला गेली होती. ऊन उतरल्यावर मी डबा घेऊन खाली गेले. सोसायटीच्या मोकळ्या जागेत होळी रचली होती. फाटकाजवळ रेल्वेतून निवृत्त झालेले शिंदेकाका उभे होते, तळमजल्यावरच्या जयाबेन होत्या आणि त्यांच्यासोबत करजणहून पाहुणी आलेली त्यांची नणंद. मी या बाईंना ओळखत नव्हते. ओट्यावर डबा ठेवला, झाकण काढले आणि शिकवल्याप्रमाणे बोलले. शिंदेकाकांनी हात जोडून नको म्हटले. जयाबेन हसून म्हणाल्या, "अरे बेन, तमारो छे, तमे ज राखो ने." मी डबा परत घ्यायला वाकलेच होते.

तेवढ्यात नणंदबाई म्हणाल्या, "साचे ज कोई पण लई शके?"

मी हो म्हटले, कोणीही नेऊ शकतो. दुसरे उत्तर देता येत नव्हते. त्यांनी डबा उचलून काखेत धरला आणि त्या होळीकडे चालू लागल्या. मला त्यांचा राग आला. जिना चढताना मी देवाशी भांडत होते; एवढेसे माझ्याजवळ होते, तेही नेलेस. मधल्या मजल्यावर पाय थांबले. भांडायलाही काही शिल्लक नव्हते. डबा नाही म्हणजे अट नाही. आता पप्पांना तू बघ, एवढेच मनात आले, आणि कित्येक महिन्यांनी तो विचार पोकळ वाटला नाही.

खाली होळी पेटल्याचा गलका ऐकू आला. थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. त्याच बाई होत्या. गुजरातेत होळीला खजूर खाऊन उपवास सोडतात; दिवसभराचा उपवास त्यांनी त्या खजुरावर सोडला होता, उरलेला जमलेल्यांच्या हातावर ठेवला होता, आणि शेवटचे दोन कागदात बांधून आणले होते. "पूजामां नथी मूक्यो हां," त्या म्हणाल्या. "जयाभाभीए कह्युं, तमारे न चाले. घरमां दादा मांदा छे ने? एमने आपो." पूजेत ठेवलेले आम्हाला चालत नाही, हे जयाबेनना ठाऊक होते.

मी खजूर दुधात शिजवून, घोटून, लापशीसारखा घट्ट केला. बाई पप्पांच्या उशाशी बसल्या. तोंड गोड करायला आल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "दादा, होळीनो खजूर. ल्यो, मों खोलो." पप्पांनी त्यांच्याकडे पाहिले. आमच्या घरात त्या आजाराला दबून न बोलणारे माणूस बऱ्याच दिवसांत आले नव्हते. पप्पांचे ओठ सुटले. मी चमचा आत सरकवला आणि ठसक्याची वाट पाहत राहिले. घशाची हालचाल दिसली. ठसका आला नाही. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडले. वाटी संपेपर्यंत बाई तिथेच बसल्या, माझ्याशी करजणच्या पाण्याबद्दल बोलत होत्या. मी हूं हूं करत होते. मला काहीही ऐकू येत नव्हते.

सुट्टी संपल्यावर डॉक्टरांनी तपासले. शस्त्रक्रिया नको म्हणाले. कधी कधी असे होते, मेंदूला वेळ लागतो, असेही म्हणाले. त्यांचे खरे असेल. मी वाद घालत नाही.

मलीदा केला तो निजामपुऱ्याच्या बाजारातल्या खजुराचा. पप्पांनी त्यातले पाच घास घेतले. त्यांची वाचा परतली नाही. मात्र वर्षभराने गेले त्या सकाळपर्यंत ते तोंडानेच जेवले, आणि चमचा माझ्या हातात असे. त्या वर्षासाठी मी देवाची ऋणी आहे. ते मला मागून मिळाले नाही. मागणे हातातून सुटले तेव्हा मिळाले. अजूनही मी देवाजवळ मागते. त्यापुढे 'तर' जोडत नाही.

पप्पांच्या पश्चात जयाबेनच्या घरी त्या बाई पुन्हा भेटल्या. मी त्यांचा हात धरून सांगू लागले की त्या संध्याकाळी तुम्ही डबा उचललात म्हणून माझे वडील जेवले. त्या गोंधळल्या. डबा त्यांना नीटसा आठवतही नव्हता. "बेन, मने तो भूख लागी हती," असे म्हणून त्या हसल्या आणि चहा ओतायला लागल्या. कोणाच्या सांगण्यावरून त्या आल्या नव्हत्या, कसली आज्ञा झाली नव्हती. एका उपाशी बाईला समोर खजूर दिसला आणि तिने तो घेतला. मला तेवढे पुरे आहे.