सुरेखाचं खातं

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. डायरीतही लिहिलं नाही — डायरी कुणी वाचली तर?

बारावीला मी नांदेडहून लातूरला आले, क्लासच्या गल्लीत खोली घेतली. लोकांशी मला फारसं बोलता येत नाही. पण इंग्रजी शाळेतली, म्हणून सगळ्यांना वाटायचं, हिला कॉम्प्युटर येतो. डबे करणाऱ्या मावशींनाही वाटायचं.

मावशी त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेल्या. गाव पडलं, मग दुसऱ्या जागी वसलं; त्या लातुरात आल्या. त्यांची सुरेखा सात वर्षांची होती. ढिगाऱ्यातून निघालेल्यांना एकत्रच अग्नी दिला, त्यात ती होती, असं सगळे सांगायचे. मावशींनी स्वतः तिला पाहिलं नव्हतं.

मी माझं पहिलं ईमेल खातं उघडायला निघाले त्या रविवारी मावशींनी विचारलं, "त्या पत्राला गाव लागत न्हाई म्हणं? पिनकोड बी न्हाई?"

"नाही लागत, मावशी."

"मग माझ्या सुरेखाला जाईल की! गाव हललं, नवा पत्ता तिला कुठून ठाव असंल?"

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? मी मान डोलावली — नुसती मान.

सायबर कॅफेत त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पदराला फोडणीचा वास. आधी माझं खातं झालं. मग, पत्र कुठंतरी पोचायला हवं म्हणून, सुरेखाच्या नावाचं. फॉर्मने जन्मसाल विचारलं. मावशींनी सांगितलं, मी टाकलं, आणि लक्षात आलं — ती आता पंधराची होती. सात वर्षांची पोर त्या पडद्यावर पंधराची झाली. इतकी वर्षं ती कुठे वाढत होती?

मावशी सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. पत्र 'गेलं'.

मग दर रविवारी, डबा ठेवताना — "आलं का गं काही?" चार रविवार मी 'नाही' म्हणाले. पाचव्या वेळी... दया होती का ती? नव्हती. मला फक्त तो प्रश्न नको होता. मी एकटीच कॅफेत गेले, सुरेखाच्या खात्यात शिरले आणि लिहिलं : आई, मी बरी आहे. लांब आहे. येता येत नाही.

मी ते छापून आणलं; मावशींनी तो कागद पिठाच्या डब्यात ठेवला. मला सुतळीने मापलं. "हात वर कर. एवढीच झाली असंल ती आता." मी हात वर केले. खांद्याला, कमरेला त्यांची बोटं लागत होती आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पंधरा दिवसांनी ड्रेस शिवून आला. मावशींनी तो आपल्या घरी खुंटीवर टांगला — माझ्याच मापाचा, रिकामा. कधी त्यांच्याकडे जेवायला बसले की तो समोर असायचा.

मग भूकंपाचा दिवस आला. त्या दिवशी गावचे सगळे जुन्या जागी जमतात, आपापल्या माणसांना नैवेद्य ठेवतात. मावशी गेल्या नाहीत. "जित्या लेकराला कुणी निवद ठेवतं व्हय?" त्यांचे मालक, काका, एकटेच गेले. मी ताटातली भाकरी मोडत होते. तोंड उघडलं — भाकरी खायला.

परीक्षा झाली, मी नांदेडला परतले. सुरेखाला पत्रं येत राहिली. मावशींनी पत्ता कागदावर उतरवून घेतला होता. आता माझ्या खोलीत आलेली नवी मुलगी टाइप करून द्यायची. थंडी पडली, स्वेटर हाय का? कुणाच्या घरी जेवतीस? स्टेशनजवळच्या कॅफेत बसून मी ती वाचायचे. हळूहळू असं झालं, की कुणी 'सुरेखा' अशी हाक मारली असती तर मी वळून पाहिलं असतं. उत्तर एकाचंही दिलं नाही.

महिनाभर उघडलं नाही तर ते खातं आपोआप बंद व्हायचं. मला हे माहीत होतं. मी कॅलेंडरवर दिवस मोजले — आणि उघडलं नाही.

त्यानंतर पाठवलेलं पत्र परत येतं. सोबत इंग्रजीत दोन ओळी येतात, की या नावाचं कुणी इथे नाही. मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्या पाठीमागे उभ्या असतील, पदराला फोडणीचा वास, आणि त्या नव्या मुलीला ते मराठीत सांगावं लागलं असेल — सुरेखा नाही.