साहेबरावांची नजर

छावणीपलीकडच्या गोल्फच्या मैदानावर साहेबराव कॅडी म्हणून लागले, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. अजिंठ्याजवळच्या गावातून ते चुलत्याबरोबर शहरात आले होते. खेळणाऱ्याची पिशवी वाहायची, तो मागेल ती स्टिक हातात द्यायची आणि चेंडू कुठे पडला ते सांगायचे, एवढेच काम. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही जमतात. तिसरीसाठी नजर लागते. उन्हाळ्यात इथले गवत वाळून पांढुरके होते आणि चेंडू त्यात दिसेनासा होतो. एका साहेबांचा नवा चेंडू साहेबरावांच्या नजरेतून असाच सुटला, तेव्हा पावसाळा लागेपर्यंत साहेबरावांना मैदानावर पाय ठेवू दिला नाही. पुढे त्यांनी कोणाचाही चेंडू हरवू दिला नाही. खेळणाऱ्याची स्टिक खाली येऊ लागली की त्यांची मान वर जाई. चेंडू उडण्याआधीच डोळे आभाळात पोचलेले असत.

सोमवारी मैदानाला सुट्टी असे. त्या दिवशी कॅडींना खेळण्याची मुभा होती. त्या सोमवारांवर साहेबराव खेळ शिकले आणि पुढे नवख्यांना शिकवूही लागले. शिकणारे त्यांना मानत. परंतु मैदानाच्या दप्तरी ते कॅडीच राहिले. जुने प्रशिक्षक निवृत्त व्हायला निघाले, तेव्हा मैदानाच्या सचिवांनी साहेबरावांना बोलावून घेतले. पुण्याला माघात खेळाची परीक्षा होती. ठरलेल्या फटक्यांत मैदानातल्या सगळ्या खळग्यांत, म्हणजे होलमध्ये, चेंडू घातला, तर प्रशिक्षकाची जागा त्यांची.

"हात तुमचा चांगला आहे," सचिव म्हणाले. "पण एक फटका बघावा तर बघतच राहावं आणि दुसरा बघवत नाही. सातत्य आणा."

पुंडलिकनगरच्या घरी त्यांच्या बायकोने, चंपाबाईंनी, हे ऐकून घेतले. "नाव साहेबराव, अन् जलमभर दुसऱ्याच साहेबांच्या पिशव्या," त्या म्हणाल्या. "एकदा व्हा तरी."

साहेबराव पहाटे मैदानावर जाऊ लागले. एक चेंडू सरळ रेषेत उंच जाई. पुढच्याला स्टिक माथ्यावर लागे आणि तो गवतातून सरपटत राही. त्यांनी पकड बदलली, पायांतले अंतर बदलले, स्टिक मागे नेण्याचा वेग कमी केला. प्रत्येक उपाय चार दिवस लागू पडे आणि मग पुन्हा तेच. वाळूजच्या कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा अभय सुट्टीच्या दिवशी बरोबर गेला आणि त्याने मोबाइलवर चित्रण केले. रात्री जेवणे झाल्यावर त्याने ते हळू करून दाखवले.

"बाबा, हे बघा. बॉल अजून जमिनीवरच हाय अन् तुम्ही वर बघायलात."

साहेबरावांनी पुन्हा बघितले. चेंडू जागेवर होता, स्टिक अजून गुडघ्याच्या वर होती आणि त्यांची मान उठलेली होती. ज्या सवयीवर घर चालले, तीच समोर दिसत होती.

दोष कळल्याने तो गेला नाही. सरावाच्या जुन्या चेंडूंवर मान खाली राही, कारण ते कुठे पडले याची कोणाला फिकीर नव्हती. खेळातला चेंडू समोर ठेवला की मान उठे. तो हरवेल, ही धास्ती त्यांच्या अंगातच मुरली होती. थंडी संपत आली आणि परीक्षा जवळ आली, तसे त्यांचे जेवण कमी झाले.

"हे बघा," एका सकाळी चंपाबाई चप्पल घालत म्हणाल्या, "बॉल मी बघते. तुम्ही खाली बघा."

"तुला काय दिसतंय? डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुझं."

"म्हणून तर चांगलं दिसतंय. तुमचं कुठं झालंय?"

त्या मैदानावर जाऊन उभ्या राहिल्या. साहेबरावांनी चेंडू मारला आणि मान वर केली. पुन्हा मारला, पुन्हा केली. चंपाबाईंनी पदर खोचला.

"सगळा संसार माझ्या भरवशावर टाकून इथं येत राहिलात," त्या म्हणाल्या. "एवढा बॉल टाकवत नाय व्हय?"

साहेबरावांनी नजर चेंडूवर लावली. मग त्यांनी स्टिक सावकाश मागे नेली. फटका बसला, स्टिक खांद्यावर जाऊन थांबली आणि त्यांचे डोळे चेंडू उठला त्या जागेवरच राहिले. तिथे गवत किंचित दबलेले होते. ते त्यांनी आजवर पाहिलेच नव्हते.

"लिंबाच्या अलीकडं," चंपाबाई म्हणाल्या. "माणूस निजंल एवढं अंतर सोडून."

चेंडू तिथेच होता.

त्यानंतर रोज असेच चालले. चंपाबाईंचा शब्द येईपर्यंत ते तोल सांभाळून उभे राहत. ज्या फटक्यानंतर असे स्थिर उभे राहता येई, तो चांगला गेलेला असे. हळूहळू वाईट फटके विरळ झाले.

पुण्याला चंपाबाई बरोबर गेल्या; परंतु परीक्षेत पिशवी तिथलाच कॅडी उचलेल, असा नियम निघाला. बाकीच्यांना कुंपणाबाहेर थांबायचे होते. साहेबरावांच्या वाट्याला पिकल्या मिशांचा, अबोल माणूस आला.

"नजर कशी आहे तुमची?" साहेबरावांनी विचारले.

"चष्मा लागला नाही अजून," तो म्हणाला.

पहिल्याच फटक्याला मान उठली. चेंडू सरपटत डावीकडच्या झुडपात गेला आणि तिथून बाहेर यायला आणखी फटके गेले. त्या माणसाने चेहऱ्यावर काही दाखवले नाही. कॅडीने दाखवायचे नसते, हे साहेबरावांना ठाऊक होते. पुढच्या ठिकाणी त्यांनी चेंडू ठेवला आणि म्हटले, "दादा, मी बघणार नाही. तुम्ही सांगा."

"मारा. मी आहे."

उरलेल्या मैदानात त्यांनी एकदाही वर बघितले नाही. तरी पहिल्या होलवर जे जादा फटके गेले, ते भरून आले नाहीत. ते थोडक्यात नापास झाले.

फाटकाशी चंपाबाई उभ्या होत्या.

"नाय झालं," साहेबराव म्हणाले.

"मान?"

"पहिल्याला उठली. मग नाय."

"चला, चहा घ्या आधी."

जागा थांबणार नव्हती. सचिवांनी ते सौजन्याने सांगितले आणि महिन्याभरात नाशिकचा एक तरुण प्रशिक्षक रुजू झाला. साहेबरावांनी त्याला मैदान फिरून दाखवले आणि उन्हाळ्यात चेंडू कुठे लपतात तेही सांगितले. नंतर त्यांनी सचिवांकडे सकाळी खेळण्याची परवानगी तेवढी मागितली.

पावसाळ्यानंतर परीक्षा पुन्हा होती. अभयला त्यांनी नाव नोंदवायला सांगितले, तेव्हा चंपाबाई भाजी निवडत होत्या.

"जागा तर गेली," त्या म्हणाल्या. "आता कशापायी?"

"जागेपायी एकदा दिली," साहेबराव म्हणाले. "आता बघायचंय, पहिल्या बॉलला मान खाली राहती का."

चंपाबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली आणि सकाळी किती वाजता निघायचे, एवढे विचारले.