डावखुरे माळी

"आधी सांग, आज कामावर कोण कोण आहे?" खिशातलं भिंग रुमालाने पुसत काका विचारायचे. कुठलंही चित्र पुढे ठेवा, त्यांना राजाराणीत रस नसे. ते राबणारी माणसं शोधायचे.

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या संग्रहालयात ते दर गुरुवारी स्वयंसेवक म्हणून येत. मूळ नागपूरचे. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात झालेली. चित्रात कारंजं दिसलं की म्हणत, "दिसतंय झकास, पण टाकी कुठे ठेवलीय लेकाच्यांनी?"

एका वर्षी आम्ही युरोपातल्या एका राजवाड्याच्या बागेचं जुनं एचिंग मांडणार होतो. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र. कातरलेली झुडपं, पट्टीने आखल्यासारख्या वाटा, टोकाला महाल. तुम्हीही आधी महालच पाहिला असता. मीही तेच केलं. चित्रावरून प्रेक्षकांसाठी बागेचा नकाशा काढला आणि खाली माझं नाव घातलं. माझं कंत्राट पुढे चालणार की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं.

नकाशा दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता. आमच्या अमेरिकन क्युरेटरबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. भिंगातून नजर न काढता काका मराठीत म्हणाले, "हसत राहा आणि ऐक. अख्ख्या बागेत एकही माळी उजव्या हाताने काम करत नाहीये. तुझा नकाशा उलटा आहे."

कारागिराने बाग दिसली तशी पत्र्यावर काढली होती. छापल्यावर डावं उजवीकडे गेलं. वीस वर्षं या कामात असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"माळी आवडले म्हणतात," मी म्हणाले.

तासाभराने मीच बाईंच्या केबिनमध्ये जाऊन चूक सांगितली. चार शब्द ऐकून घेतले आणि नकाशा नव्याने काढायला बसले. काका भडकले.

"वेडी आहेस का? मग मी मराठीत कशाला बोललो?"

"चूक माझी होती, काका."

"ती शोधली कुणी, ते सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग ठीक आहे."

कंत्राट वाढलं, पुढे नोकरी कायम झाली. तो नकाशा तसाच छापला असता, तर मला ठेवलं नसतं. हे मी काकांना एकदाच सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी एक चित्र फ्रेममध्ये बसवत होते. फोन ठेवला, हातमोजे पुन्हा चढवले आणि हातातलं काम पुरं केलं. मग त्यांच्या घरी गेले.