एका मिक्सरपायी

मागच्या हिवाळ्यात, एका मिक्सरपायी, भर दुपारी मी माझ्या सख्ख्या आईचा कोणीही लागत नव्हतो.

नवीन वस्तू बाजारात आणण्याआधी कंपन्या ती साध्या माणसांच्या हातात देऊन बघतात. अशी माणसं डहाणू-तलासरीत शोधून द्यायची, हा माझा धंदा. वापरणाऱ्याला पैसे, मला कमिशन. अट एकच, माणूस ओळखीचा नको, नातेवाईक तर नकोच. (डहाणूत राहून बिनओळखीचा माणूस शोधून दाखवा!)

त्या दिवशी गंजाड गावची एक बाई येणार होती. तिच्याकडे भाताची झोडणी निघाली आणि ती आलीच नाही. इकडे मिक्सर कंपनीची मुंबईहून आलेली मॅडम कॅमेरा लावून तयार! मी तसाच धाकटी डहाणूला घरी पळालो. आई बोंबील वाळत घालत होती.

"आई, चल, मिक्सर फिरवायचाय. पण तू मला ओळखत नाहीस, कळलं?"

"बरं झालं," असं म्हणून ती हात धुवायला गेली.

बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांची बोट खाडीत नुसती उभी होती आणि ती उमरगावच्या एका शेठला विकायचं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला यातलं काहीच माहीत नाही, असं आपलं मी धरून चाललो होतो.

मॅडमने नियम सांगितले. "मावशी, मशीन चालवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. चूक-बरोबर काही नाही. आणि सर, तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही."

बाप रे! माझ्या आईला हा नियम!

आईने भांड्यात मिरच्या टाकल्या. "झाकण घट्ट बसतंय. माझ्या मुलाचं तोंडपण असंच. बोट विकतोय, ते मला बंदरावरच्या बायकांकडून कळलं."

मी जोरात खोकलो.

"सर, प्लीज!" मॅडम म्हणाली.

मिक्सर फिरायला लागला. "आवाज लय आहे याचा," आई म्हणाली. "यांच्या बोटीचं इंजिन चालू झालं की मला घरात कळायचं, निघाले. आता माणूस गेला आणि तो आवाजपण जाणार. मुलाने विचारायचं तरी होतं. मी काय नाही म्हणणार होते?"

मॅडमने डोळे पुसले. मला मिरचीचा ठसका लागला. (निदान मी तसं दाखवलं.)

"कसला हो हा मुलगा!" मॅडम माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडासा," मी म्हणालो.

"मग समजवा ना!"

"साहेब काय समजवणार?" आई म्हणाली. "ते बिचारे परके."

मॅडमचा शेवटचा प्रश्न होता, "हे दुसऱ्यांना घ्यायला सांगाल?"

"मिक्सर घ्या म्हणेन. मुलाचं काही सांगवत नाही."

बाहेर आल्या आल्या मी शेठला फोन करून सौदा मोडला. त्याने गुजरातीत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बोट अजून खाडीत आहे. रोज संध्याकाळी मी जाऊन इंजिन चालू करतो. आई दारात येते, ऐकते आणि आत जाते.

परवा मॅडमचा फोन आला. "त्या मावशी किती मोकळं बोलतात! पुन्हा आणा ना!"

मी घाबरत घाबरत विचारलं, "आई, येशील?"

बोंबील उलटत ती म्हणाली, "येईन की, साहेब."

बिनओळखीचा माणूस शोधायला मला आता डहाणूभर फिरावं लागत नाही. घरच्या आरशात बघितलं की आईचे परके 'साहेब' समोर उभे!