जरा जास्तच वेळ वाकलेला

आमच्या शेजारचा डॉक्टर थोरांच्या पाया पडताना जरा जास्तच वेळ वाकलेला राहतो. लोक म्हणतात, एवढा शिकून संस्कार टिकलेत! एमबीबीएस, मग सर्जरी, वर तीन वर्षं नुसत्या रक्तवाहिन्या. आमच्याकडे चहाला आला तरी बोलता बोलता खुर्चीच्या हाताला दोऱ्याच्या गाठी मारत बसतो.

परतूरच्या एका लग्नात तो माझ्या वडिलांच्या पाया पडला. डावा पाय, उजवा, पुन्हा डावा. तेव्हा कुठे मला कळलं, त्याची बोटं पावलावरची नाडी शोधत असतात.

"काका, चालताना डावी पोटरी दुखते?"

"दुखते की. वय झालं आता."

"वय दोन्ही पायांचं झालं ना? मंग एकच का दुखून राह्यला? पाऊल गार पडलंय. जेवण राहू द्या, जल्दी गाडीत बसा. पाय वाचवायचाय."

ऑपरेशननंतर त्यानं माझं बोट वडिलांच्या डाव्या पावलावर ठेवलं. "दाबू नका, नुसतं टेकवा. लागली?"

लागली! बोटाखाली टकटक उडत होती!

वडील वैतागले, "अरे, सोड की पाय आता!"

मी कशाला सोडतो!